इटलीची तुळस अन् नाचणगावची आवई

नाचणगाव, शुक्रवार,
दुकान उघडायच्या आधी

आमच्या लेकाला आपली लेक देऊन आम्हाला जन्माचं ऋणी करून ठेवणारे श्रीयुत रूपरावजी, मुक्काम समुद्रपूर, यांना आपला इवाई बंडू याचा दोन्ही हात जोडून रामराम. (लोक म्हणतात मुलाकडच्यांचा मान मोठा. मी तसं मानत नाही, निदान या पत्रापुरतं तरी मानत नाही.) सौ. इहीणबाईंना नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? तूर यंदा फुलावर बरी आहे ना? म्हैस व्याली का? आपली छाती मात्र ठणठणीत आहे हे परवाच्या फोनवरून कळलंच, त्याबद्दल विचारत नाही.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर आपण पत्र मधेच चुरगाळाल. रक्षा बाळंत झालेली नाही. तिला पाचवाच महिना आहे, लेकरू जिथं असायला पाहिजे तिथंच आहे, आणि हे लिहीत असताना ती अंगणात उन्हात बसून दात काढते आहे. हे सगळं मी आपल्याला फोनवर सांगणार होतो. पण आपण फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला फक्त "हो" म्हणायपुरती जागा ठेवता. रक्षानं स्वतः फोन घेतला तेव्हा कुठं आपला जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या आपण फर्मान काढलं की रविवारी गाडी घेऊन येतो, पोरीला नेतो, तुमच्या घरी तिचे हाल होऊन राह्यले. म्हणून हे पत्र. आमच्या दुकानाचा गाडीवाला प्रेमदास सरकीची ढेप आणायला तुमच्याकडेच निघाला आहे, त्याच्या हाती देतो. पूर्ण वाचा, मग काय ते ठरवा.

आता हे सगळं काऊन झालं ते ऐका. प्रफुलला कंपनीनं जर्मनीला धाडलं, पुण्याला एकटी कशाला म्हणून दिवाळीआधी सुनेला आम्ही इकडे आणलं, हे आपल्याला ठाऊकच आहे. आली तेव्हापासून पोरीच्या पोटात अन्न ठरेना. प्रफुलच्या आईनं, शकुंतलेनं, आंबील केली, मुगाचं पातळ वरण केलं, मेथी घालून भाकर केली, कढी केली. फोडणी तडतडली की रक्षा तोंडावर पदर धरून मोरीकडे. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, काळजी करू नका, जे पोटात टिकेल ते द्या. अहो, पण टिकेल काय तेच तर कळत नव्हतं! पोरगी वाळत चालली. आणि मी बोलून दाखवत नसलो तरी माझाही घास घशाखाली उतरत नव्हता. (शकुंतला म्हणते उतरत होता. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

शेवटी शकुंतलेनं तिला जवळ बसवून विचारलं, बाई, तुला खावंसं तरी काय वाटते? रक्षा खाली मान घालून म्हणाली, "पेस्टो." पुण्यात त्यांच्या घराजवळच्या हॉटेलात हिरव्या वाटणातला पास्ता मिळतो, त्या वाटणाचं हे नाव. तेही ताजं पाहिजे, बाटलीतलं नको.

आता पोटुशीचे डोहाळे राहिले तर लेकराचा कान फुटतो, हे आपण मानता की नाही मला माहीत नाही, पण मला मानावंच लागतं. माझ्या वेळेस माझ्या आईला शिंगाडे खावेसे वाटले होते, आमचे वडील बाजारात गेले आणि कांदे घेऊन आले, आणि माझा डावा कान आजही थंडी पडली की ठणकतो. म्हणून फोन मी उजव्या कानाला लावतो. (आपला परवाचा फोन आल्यापासून तोही ठणकून राह्यला आहे.) तर डोहाळा कळल्यावर शकुंतला कंबर कसून उभी राहिली. इटलीचा असो नाहीतर आर्वीचा, डोहाळा तो डोहाळा.

रक्षानं मोबाइलवर दाखवलं. एक गोरी बाई कसल्यातरी पानांचा ढीग घेऊन, त्यात लसूण, तेल, चीज आणि कसलेसे पांढरे दाणे घालून कुटत होती. पानं पाहिली आणि मी मांडीवर थाप मारली. ही तर तुळस! दारात वृंदावन, वृंदावनात हातभर तुळस, अन् आपण उगाच हाय खाल्ली! मी टोपलं घेऊन अंगणात निघालो, तर शकुंतला उंबऱ्यात आडवी. "आत्ता कुठं लगन लागलं तिचं. मांडवाचा ऊस वाळला नाई अन् तुमी तिले लसनासंग वाटून राह्यले?" मी गार पडलो. खरंच होतं. आदल्याच संध्याकाळी अंतरपाट मीच धरला होता, मंगलाष्टकं मीच म्हटली होती, आणि आता नव्या नवरीला पाट्यावर घ्यायला मीच निघालो होतो.

पण इकडे सून उपाशी. मग शकुंतलेनंच तोड काढली. तुळशीला हळदकुंकू वाहिलं, पदर पसरला, "माय, पोटुशीसाठी घेऊन राह्यली, राग मानू नको" म्हणाली, आणि मूठभर पानं खुडली. लसूण मात्र नाही म्हणजे नाही. लसणाशिवाय, चीजशिवाय, शेंगदाण्याच्या तेलात ते वाटण झालं. रक्षानं बोटावर घेऊन चाटलं, डोळे मिटले, आणि मोठ्या सोज्वळपणे म्हणाली, मामाजी, सर्दीला हे फार चांगलं आहे. राहिलेली वाटी मी संपवली. माझा जुना खोकला त्या दिवशी गेला तो अजून परत आलेला नाही, पण डोहाळा जागच्या जागी.

मग रक्षानं समजावलं की ही देवाची तुळस, पेस्टोची वेगळी. ती सब्जाच्या जातीची, पान मोठं, वास गोडसर. सब्जा आपण उन्हाळ्यात सरबतात घालून पितो, पण त्याचं झाड कसं असते ते मी साठी आली तरी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून (दिवाळीनंतरच्या गिऱ्हाइकीत! नोंद घ्या) मी एस.टी.नं वर्धा गाठलं, तिथून सेवाग्रामच्या रस्त्यावरची एक रोपवाटिका धुंडाळली, आणि दाट पानांची, चांगली गुबगुबीत कुंडी मिळवली. परत येताना गाडीत ही गर्दी. मी कुंडी छातीशी धरून दांड्याला लोंबकळतो आहे, तर एक म्हातारी उठली आणि म्हणाली, तुळस नेऊन राह्यले दादा, बसा. मी बसलो. बसल्यावर खरं सांगायचं धारिष्ट झालं नाही. मग पुढच्या सीटवरच्या बाईनं वाकून नमस्कार केला, तिचं पाहून मागचीनं केला, कंडक्टरनंही तिकीट फाडता फाडता कपाळाला हात लावला. पुलगाव येईपर्यंत त्या इटलीच्या पोरीला जेवढे नमस्कार पडले तेवढे मला सरपंचकीला उभा होतो तेव्हाही पडले नव्हते.

घरी शकुंतलेनं ती कुंडी वृंदावनाजवळ ठेवू दिली नाही. थोरलीच्या डोळ्यासमोर धाकटी नको म्हणाली. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी जागा दिली, पण परक्या मुलखातून आलेली पाहुणी म्हणून कुंडीला कुंकवाचं बोट लावलंच. चीज पुलगावच्या डेअरीत मिळालं. पांढऱ्या दाण्यांच्या जागी मी आपल्या दुकानातली चारोळी काढली, तीही निवडून. राहिलं तेल. रक्षा म्हणाली ऑलिव्हचंच पाहिजे. आणि इथंच रूपरावजी, आमचं नशीब फिरलं.

आमच्या गावात ते तेल किराणा दुकानात मिळत नाही. (माझंच दुकान आहे, मला माहीत नसेल?) ते मिळतं मेडिकलमध्ये, छोट्या बाटलीत, आणि ते घेण्याचं कारण अख्ख्या गावात एकच: तान्ह्या लेकराची मालिश. हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात पेस्टो बसला असल्यामुळं आठवलं नाही. पुनवेच्या सकाळी मी मेडिकलवाल्या धर्मेंद्रकडे गेलो आणि तेल मागितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाटली दिली, न मागता बाजूला बेबी पावडर ठेवली, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन बंडूजी. मला वाटलं, नातू होणार म्हणून अभिनंदन. मी छाती फुगवून म्हणालो, सगळी देवाची कृपा. पावडर कशाला ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला जास्तीचं कसं खपवायचं ते मलाही येतं, मला वाटलं त्यातलंच आहे.

आता आपण म्हणाल, गावाला महिने मोजता येत नाहीत का? येतात. पण पाचवा सरेस्तोवर बाहेर बोलायचं नाही हा शकुंतलेचा नेम. त्यात सून आल्यापासून अंथरुणातच. दिवस गेलेत एवढं गावानं ताडलं होतं, किती गेलेत ते कोणाला माहीत नव्हतं. आणि बातमी गोड असली की बोटं मोजत कोण बसतं? मी रमतगमत, रस्त्यात दोघांशी कापसाच्या भावावर बोलत घरी पोचलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. शेजारीण दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून राह्यली होती. ओसरीवर चपलांचा खच. एकीनं डिंकाचे लाडू आणलेले, एकीनं झबलं-टोपडं, एकीनं बाळंतशोपा. आणि मधोमध शकुंतला पाटा मांडून बसलेली, हात कोपरापर्यंत हिरवे. तिला कशाचाच पत्ता नाही, बाया सुनेची तब्येत विचारायला आल्या असं समजून ती "आता उतार पडंल" म्हणते आहे, आणि बाया एकमेकींना सांगताहेत की बाळंतिणीसाठी झाडपाला वाटून राह्यली, जुन्या लोकाइले सगळं माहीत असते.

तेवढ्यात लसूण जास्त पडतो की काय ते पाहायला रक्षा आपल्या पायानं खोलीतून बाहेर आली. अहो, काय तो कल्लोळ! "उठली काऊन? उठली काऊन?" करत चौघी धावल्या. एकीनं तिच्या अंगावर शाल टाकली, एकीनं ओढणीनं कान घट्ट बांधले, एकीनं खाटेखाली शेगडी सरकवायला सांगितली, आणि चौथी आत जाऊन लेकरू शोधायला लागली. गादी उचलून पाहिली तिनं! रक्षाला आधी काही उमगेना. मग पोटावर हात ठेवून ती म्हणाली, काकू, ते इथं आहे. आणि हसायला लागली. रूपरावजी, कान बांधलेली, शालीत गुंडाळलेली आपली लेक भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आमच्या घरी आल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसली. ते हसणं ऐकलं अन् धर्मेंद्रला माफ करून टाकावंसं वाटलं. (नंतर त्याला चार शब्द ऐकवलेच, ते वेगळं.)

खरं काय ते कळल्यावर बाया आपापल्या घरी जातील असं मला वाटलं. छे! आल्यासारखं इटलीची चटणी पाहूनच जाऊ म्हणून सगळ्या पाट्याभोवती बसल्या. रक्षा मधोमध पिढ्यावर बसून हुकूम सोडायला लागली. उरलेली पानं धुऊन कोरडी करा, मिक्सरला लावू नका, काळी पडतात, वरवंटा हळू फिरवा, तेल शेवटी. शकुंतला सगळं निमूट ऐकत होती, पण तिचा डावा हात हिरव्या मिरचीकडे सरकताना मी दोनदा पाहिला. हिरवं वाटण आणि त्यात मिरची नाही हे त्या माउलीला सहन होईना. शेवटी सासू-सुनेत एका मिरचीवर तह झाला. पास्ता गावात कुठला? उन्हाळ्यात घरी केलेल्या गव्हाच्या शेवया डब्यात होत्या, त्या मिठाच्या पाण्यात शिजवल्या आणि वरून ते हिरवंगार वाटण कालवलं.

ताटलीत वाढलं, आणि सगळ्या बाया पुढं सरकल्या. मी खांबाला धरून उभा. रक्षानं एक घास घेतला. दुसरा घेतला. मोरीकडे गेली नाही. ताटली पुसून खाल्ली, आणि म्हणाली, आई, अजून आहे का? शकुंतलेनं तोंड भिंतीकडे फिरवलं, हिरव्याच हातानं डोळे पुसले, आणि विचारलं तर म्हणते डोळ्यात लसूण गेला. माझ्या डोळ्यात काहीच गेलं नव्हतं, तरी मी रडलो. लपवायचं काय त्यात. बायांनीही भाकरीवर घेऊन चाखलं. चव बरी आहे, तिखटाला कमी आहे, असा एकमतानं निकाल लागला.

आता ही खबर आपल्यापर्यंत कशी पोचली तेही सांगतो. माझा चुलतभाऊ गोपाल, त्याच्या घरी त्याच दिवशी सत्यनारायण होता. चौरंग मांडलेला, केळीचे खांब बांधलेले, कढईभर शिरा तयार, भटजी पाण्यात पळी बुडवणार तेवढ्यात खबर आली की बंडूच्या घरी लेकरू झालं. भाऊबंदकीत जन्म झाला म्हणजे सोयर! भटजींनी पळी खाली ठेवली आणि उठले. गोपालची बायको तुमच्या समुद्रपूरची, तिनं त्याच रागात माहेरी फोन लावला, आणि तिथून ते आपल्या कानी गेलं. गोपाल स्वतः तणतणत माझ्या दारात आला, कडुनिंब पाहिला, आत सून शेवया खाताना पाहिली, आणि त्याला नेमकं कोणावर ओरडावं ते कळेना. मग तो घरी जाऊन शिऱ्याची कढईच उचलून घेऊन आला. पूजा झाली नव्हती, म्हणजे तो प्रसाद नव्हता, नुसताच शिरा होता, तो सगळ्यांनी मिळून संपवला. आणि ऐन त्या पंगतीत आपला फोन वाजला. पुढचं आपल्याला माहीत आहे, कारण पुढचं सगळं आपणच बोललात.

तर असं झालं. यात आमच्याकडून हाल, हेळसांड, निष्काळजीपणा कुठं दिसला तर कळवावं. पोरगी काल दोन वेळा जेवली, आज सकाळी तिनं स्वतः मागून खाल्लं. इहीणबाईंना सांगा, झोप लागते तिला आता. गुडघ्याला गरम पाण्यानं शेका. लहानमोठ्यांना आशीर्वाद, म्हशीला पाठीवर थाप.

कान ठणकत असलेला,
आपला बंडू

ता. क. प्रेमदासकडे काचेच्या बरणीत थोडा पेस्टो पाठवला आहे. त्याला फोडणी देऊ नका. शकुंतलेनं दिली होती, रक्षा दोन तास बोलली नाही.

ता. क. दुसरा. रूपरावजी, वरचं सगळं लिहिलं ते इथवर यायला धीर होत नव्हता म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरचं, तो मान आपला, त्यात मी लुडबुड करणार नाही. पण सातव्या महिन्यात ओटी भरेपर्यंत तिला आमच्याकडे राहू द्या. आम्हाला मुलगी नाही. सकाळी कोणीतरी "मामाजी, चहा" म्हणतं, याची सवय लागायला किती वेळ लागतो? आम्हाला लागला नाही. रविवारी अवश्य या, गोपालनं हुकलेला सत्यनारायण त्याच दिवशी धरला आहे, प्रसाद घ्या, लेकीला डोळे भरून पहा, पण गाडी रिकामी न्या. आणि नेणारच असाल तर कुंडीही सोबत न्या. मागच्या अंगणात ती एकटी उभी दिसली तर शकुंतलेला बघवणार नाही.

ता. क. तिसरा, पण मामाजींचा नाही. बाबा, मी रक्षा. मामाजींनी पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. एक गोष्ट यात नाही, कारण ती त्यांना माहीत नाही. मला पेस्टोचा डोहाळा वगैरे काही नव्हता. मला घरी यायचं होतं. आईची, तुमची आठवण येत होती, आणि "मला माहेरी पाठवा" म्हणायची हिंमत होत नव्हती. म्हणून नाचणगावात जन्मात मिळणार नाही असं काहीतरी मागितलं, म्हणजे हे दोघं हात टेकतील आणि आपणहून मला समुद्रपूरला पोचवतील. यांनी हात टेकलेच नाहीत. मामाजी कुंडी छातीशी धरून घरात शिरले ना, तेव्हाच मला महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली होती. पेस्टो तसा बिघडलाच आहे बाबा, चारोळीनं गोड लागतो आणि आईंनी माझी नजर चुकवून दुसरी मिरचीही टाकली होती. पण आता मला तोच लागतो.

रविवारी आईला घेऊन या आणि गाडी रिकामी न्या. मी ओटी भरल्यावर येईन. येताना ऑलिव्हच्या तेलाची एक बाटली आणा, इथली संपली. फक्त ती समुद्रपूरच्या मेडिकलमधून घेऊ नका, नाहीतर तिथंही मी बाळंत होईन.